घरच्यांची परवानगी

३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, बाबा आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं ताई, ड्यूटीवर आहे ताई" करून ठेवून देतेस. कागद काही मध्येच ठेवून देता येत नाही. शिवाय घरात बोलायचं तर आमचे हे कान टवकारून बसतात, आणि दवाखान्यात बोलायचं तर सिस्टर. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात हाड छान बसलंय. हाड बसलं असेल, माणूस अजून उठून बसत नाही. जखमेला पाणी सुटलंय म्हणून घरी सोडत नाहीत. दिवसभर डोळे मिटून पडलेले असतात, आणि उघडले की आपण कुठे आहोत ते त्यांना कळत नाही. परवा मला गिऱ्हाईक समजले. ब्लाउज अजून काजाला गेलेला नाही म्हणाले, उद्या या. मीही बरं म्हणून टाकलं. बोटं मात्र सारखी चालू. सुईत दोरा ओवतात, गाठ मारतात, दाताने तोडतात. हातात काही नसतं.

खरी गोष्ट आता सांगते. त्यांच्या मनगटांवर वळ आहेत. दोन्ही मनगटांवर, गोल, बांगडी रुतल्यावर उठतात तसे. बाबा काय बांगड्या घालतात? तिथे एक चष्मेवाली सिस्टर आहे, काडीसारखी पोरगी, तिला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मोठ्या सिस्टरांना विचारा. मोठ्या सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाची कातडी अशीच असते. कातडी मलाही आहे म्हटलं, मला कसे नाहीत वळ? त्यावर त्यांना कोणीतरी हाक मारली. मला तरी ऐकू आली नाही.

आत सोडतात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. मध्ये गेलं तर दारावरचा माणूस असा बघतो, जशी मी पलंगच उचलून न्यायला आलेय.

आणि काल काय झालं, मी दूध पाजायला गेले तर बाबांनी तोंड फिरवलं. मी जवळ गेले की हात चादरीखाली घेतात. मार खाल्लेलं पोर घेतं तसे. मला संशय आहे की तिथे कोणीतरी त्यांना मारतं, आणि मला वाटतं ती चष्मेवालीच.

तू याच धंद्यातली आहेस. गोड गोड लिहू नकोस. वळ कशाचे ते सांग.

थोरली


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. खूप दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं, बरं वाटलं.

आधी एक सांगते, बाबांना कोणी मारत नाही. या वयात मोठं ऑपरेशन झालं की भुलीच्या औषधाने माणूस काही दिवस भ्रमात जातो. जागा ओळखत नाही, माणसं ओळखत नाही, कधीकधी घरच्यांवरच रागावतो. आमच्या वॉर्डात हे रोजचं आहे. तू त्यांचं तोंड फिरवणं मनाला लावून घेऊ नकोस.

वळांचं म्हणशील तर त्याला खूप कारणं असतात. सलाईनची चिकटपट्टी असते, रक्तदाब बघायचा पट्टा असतो. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, जरा दाबलं तरी खूण उठते.

तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगते, तिथल्या सिस्टरांशी भांडू नकोस. एकेकीकडे किती पेशंट असतात तुला कल्पना नाही. ज्या घरचे भांडतात त्यांच्या पेशंटकडे कोणी मनापासून जात नाही. असं व्हायला नको, पण होतं. आणि ठरलेल्या वेळेतच जा. दुपारी तर मुळीच जाऊ नकोस. दुपारी त्यांची खूप कामं असतात, नातेवाइकांची अडचण होते.

मला इतक्यात रजा मिळेल असं दिसत नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

धाकटे,

तू दुपारी जाऊ नकोस म्हणालीस, म्हणून दुपारी गेले.

बाबांची कवळी घेऊन गेले. दारावरच्या माणसाला म्हटलं, म्हाताऱ्याचे दात घरी राहिलेत, तुझे काढून देतोस का? सोडलं त्याने.

तुझे पट्टे आणि तुझ्या चिकटपट्ट्या बघून आले मी. पांढऱ्या पट्टीने त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बांधले होते. बाबांचे एकट्याचे नाही, त्या रांगेत बहुतेकांचे. कोणी ओरडत नव्हतं. सगळे छताकडे बघत पडलेले. पंख्याचा तेवढा आवाज. जनावराच्या बाजारात तरी याहून गलका असतो.

आणि बाबांच्या हातावर कोण वाकलं होतं, तर चष्मेवाली. गाठीवर बोटं. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, तुला बांधू का इथे, कसं वाटतं बघ. तिचा चष्मा खाली पडला. ती रडली नाही की काही नाही, चष्मा उचलून पुसला आणि म्हणाली,

"मावशी, हळू बोला. घरच्यांची परवानगी आहे."

घरची मी आहे. माझी कोणी परवानगी घेतली? मोठ्या सिस्टरांकडे गेले तर त्यांचंही तेच. घरच्यांनी सांगितल्याशिवाय आम्ही कोणाला बांधत नाही. मग घरचं कोण, तर ते आता त्यांना आठवत नाही. इतक्या पेशंटांची औषधं तोंडपाठ आहेत बाईला, आणि माझ्या घरचं कोण आलं होतं ते आठवत नाही.

मी तिथेच चष्मेवालीची तक्रार केली. डॉक्टरांसमोर केली, सगळा वॉर्ड ऐकेल अशी केली. रीतसर चौकशी करतो म्हणाले.

त्या वॉर्डाच्या दारावर एक फळा आहे. त्यावर रंगीत खडूने लिहिलंय, या महिन्यात एकही रुग्ण पडला नाही, एकही नळी निघाली नाही. खाली फूल काढलंय. बांधून ठेवल्यावर पडतोय कोण? मी पण कोंबड्या टोपलीखाली झाकून म्हणेन, बघा, एकही पळाली नाही.

घरी येऊन आधी यांना धरलं. हे पहिल्यापासून म्हणतात, बाबांना घरी आणून कसं व्हायचं, कोण उचलणार. शपथा घ्यायला लागले. यांच्या शपथा मला लग्नापासून माहीत आहेत. मग वहिनीकडे गेले. तिने मागे एकदा म्हटलं होतं, बाबांचे हात एकदाचे थांबतील तर बरं, बघून जीव घाबरतो. मी तेच तिच्या तोंडावर फेकलं. ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. मीही काय काय बोलले. दादाने मला दार दाखवलं. सख्ख्या भावाने. मी त्याच्या घरचं पाणी आता पिणार नाही.

पण दोघांपैकी कोणीतरी आहे हे नक्की. तुला कोणी काही बोललंय का? वहिनी तुला फोन करते, मला माहीत आहे.

थोरली


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

तू पाहिलंस ते बघायला वाईट दिसतं, हे मला मान्य आहे. पण शिक्षा म्हणून कोणी बांधत नाही गं. आमच्याकडेही बांधतात. पेशंट भ्रमात उठतो, कठड्यावरून पाय टाकतो आणि पडतो. पडलेला म्हातारा माणूस पुन्हा चालताना मी क्वचितच पाहिलाय. बाबांचा दुसरा खुबा मोडला असता तर? आणि नळ्यांचं तर विचारूच नकोस. लघवीची नळी आत फुगा ठेवून बसवलेली असते. ती ओढून काढली की आतून फाटतं. बाबांनी ओढली तेव्हा किती रक्त गेलं, चादर आणि गादी दोन्ही बदलावी लागली. असं पुन्हा झालं असतं तर त्यांच्या अंगात ते सोसायची ताकद होती का? तूच सांग.

दारावरच्या फळ्याची चेष्टा करू नकोस. असा फळा आमच्याकडेही आहे. नळी निघाली की पहिला प्रश्न येतो, ड्यूटीवर कोण होतं? जबाब द्यावा लागतो, सगळ्यांसमोर उभं करतात. हात बांधले तर कोणी काही विचारत नाही. हे कोणी शिकवत नाही, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपोआप कळतं.

परवानगी कोणी दिली ते खोदत बसू नकोस. ज्याने दिली त्याने बाबांच्या काळजीनेच दिली असेल. वहिनींना सोड. भाऊजींनाही सोड. भांडण वाढवून बाबा बरे होणार नाहीत.

तुझी,
धाकटी


२५ फेब्रुवारी

धाकटे,

बाबांनी लघवीची नळी ओढली होती हे मला माहीतच नव्हतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. यांना माहीत नाही. वहिनीला माहीत नाही, मी तिच्या दारात उभी राहून विचारून आले, आत न जाता. मी माझी दोन्ही पत्रं आठवून पाहिली, त्यात असं काही लिहिलेलं नाही. मग तिकडे लांब बसून तुला रक्त कसं दिसलं? गादी बदलली ते कसं कळलं?

मी आज मोठ्या सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझ्या बहिणीने तुम्हाला फोन केला होता ना, ती नर्स आहे ती? बाईचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाल्या, हो, त्या आमच्यातल्याच, फार समजूतदार आहेत. बरं झालं, शेवटी तुम्हाला सांगितलं त्यांनी.

माझा संशय सगळ्या गावावर फिरून आला, तुझ्या दारात मात्र गेला नाही.

आता पुढचं ऐक. शेजारच्या पलंगावरच्या माणसाची बायको रोज दुपारी डबा घेऊन येते, तेवढ्यापुरती तिला आत सोडतात. तिने मला आज बाजूला घेतलं. म्हणाली, तुम्ही त्या चष्मेवालीवर उगाच गेलात. ती त्या दिवशी गाठ बांधत नव्हती, सोडत होती. तिची ड्यूटी असली की दुपारी एकेकाचे हात मोकळे करायची, जवळ बसायची, मोठ्या सिस्टर यायच्या आत पुन्हा बांधायची. माझ्या तक्रारीवरून तिला वॉर्डातून हलवलं. आता सोडायला कोणी नाही. आतल्या माणसांपैकी एकीचा आधार होता, तिला मी हाकलून लावलं. ते माझं मी बघेन. तुझं तू बघ.

बाबा परवापासून माझ्या हातचं काही खात नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हातून चार घोट घेतात, मी दिसले की ओठ घट्ट. मला कळेना का. त्याच बाईने सांगितलं. बांधताना ते झटापट करायचे, तेव्हा सिस्टर म्हणायच्या, आजोबा, तुमच्या मुलीनेच सांगितलंय. आता रोज डोळ्यांसमोर मुलगी कोणती येते? मी. त्यांना वाटतं मी बांधून ठेवलंय आणि वर रोज तासभर बघायला येते.

डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर जखम भरणार नाही. असंच राहिलं तर नाकातून नळी घालतील. आणि नाकात नळी घातली की हात सुटायचे नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

ज्या तोंडाने बांधा म्हणालीस त्याच तोंडाने सोडा म्हण. आजच्या आज. आणि हे खरं आहे की नाही ते मला लिही. पट्टे आणि कातडीबद्दल लिहू नकोस.

थोरली


२ मार्च

ताई,

खरं आहे.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मी वॉर्डात फोन केला होता. मी कोण ते सांगितलं की सिस्टर लोक मोकळेपणाने बोलतात. त्यांनी नळीचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, आणि विचारलं, हात बांधले तर तुमची हरकत नाही ना? मी म्हणाले, बांधा. मऊ पट्टीने बांधा म्हणाले, ते माझ्या मनाचं समाधान. आणि हेही म्हणाले की माझ्या बहिणीला सांगू नका, ती येऊन सोडून टाकेल. भेटीच्या वेळेला मोकळे ठेवा असं मीच सुचवलं. आमच्याकडे तसंच करतात.

मला विचार करावा लागला नाही, ताई. याचंच मला जास्त वाटतं. भाजी शिजली का कोणी विचारावं आणि आपण हो म्हणावं, तसं म्हणाले. मी रोज कोणाला ना कोणाला बांधते. बांधताना तोंडाकडे बघत नाही, गाठीकडे बघते. तुझं पत्र आलं त्या दिवशी एका आजोबांच्या मनगटाला पट्टी लावत होते आणि नजर वर गेली. ते काही बाबांसारखे दिसत नाहीत. पण हात थांबला. मी पट्टी काढून घेतली आणि त्यांच्याजवळ बसले. बाकीची कामं राहिली. संध्याकाळी मला विचारलं, एका पेशंटजवळ बसायला तुम्हाला नेमलंय का? उद्या जबाब द्यायचा आहे. काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

तुझ्या त्या मोठ्या सिस्टरांना मी फोन केला. हात सोडा म्हणाले. त्या म्हणाल्या, तुम्ही नर्स असून असं बोलता? मग दिवसभर घरचं माणूस बसलं पाहिजे, आणि पडले तर जबाबदारी तुमच्या बहिणीची. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तुला न विचारताच हो म्हणाले. पुन्हा.

बाबांना हे सगळं तूच सांग. मी सांगितलेलं बरं दिसणार नाही, आणि लांबून त्यांना काय कळणार. तुझ्या तोंडून कळलं तर राग लवकर जाईल.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

बाबा घरी आलेत.

तुझा निरोप गेल्याबरोबर मला आत सोडलं. सकाळी जायचे ते रात्रीची सिस्टर येईपर्यंत बसायचे. यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून दुपारी मला सुट्टी दिली. शपथांवरून मी त्यांना नाही नाही ते बोलले, त्याची फेड त्यांनी अजून केलेली नाही, सावकाश करतील. वहिनी पण एकदा येऊन बसली. आम्ही दोघी एका शब्दाने बोललो नाही, पण बसली. मोठ्या सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन बघायच्या, बाबा पडलेत का म्हणून. मी म्हणायचे, अजून नाही.

चष्मेवालीला शोधून काढली. लहान मुलांच्या वॉर्डात आहे. मला माफी मागता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी जाऊन नुसती उभी राहिले. तीच म्हणाली, आजोबा कसे आहेत? मग तिने सांगितलं की बाबा नळ्या का ओढायचे. तिने त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, दोरा सुटलाय पोरी, असं काम गिऱ्हाइकाला देता येत नाही. कपड्यावर लोंबता दोरा दिसला की बाबांना राहवत नाही. आपल्या दोघींचे फ्रॉक शाळेच्या वाटेवर थांबवून तोडायचे. हे आपल्याला जन्मापासून माहीत, आणि विचारलं त्या परक्या पोरीने. तू पण विचारलं नाहीस, मी पण नाही. मग मी त्यांच्या सदऱ्याला बोटांपर्यंत येईल अशी बाही लावली, सलाईनची नळी तिच्या आतून घेतली, लघवीची पायजम्याच्या आतून. दिसेना, तसा हात लागेना. पुढे चार दिवसांत त्यांचं डोकं जाग्यावर यायला लागलं. मला नावाने हाक मारली. माझ्या हातून नाही, पण यांच्या हातून पोटभर जेवायला लागले. जखम भरली, घरी सोडलं.

आता घरातलं लिहिते. हे तू बसून वाच.

रोज सकाळी मी गरम पाण्याचं भांडं आणि टॉवेल घेऊन त्यांचं अंग पुसायला जाते. मी खोलीत शिरले की ते उशीला टेकून बसतात आणि दोन्ही हात पुढे करतात. मनगटाला मनगट लावून. पहिल्या दिवशी मला वाटलं, आधी हात पुसायला देतात. मी टॉवेल जवळ नेला तर डोळे मिटले. म्हणाले,

"आज लवकर बांधतेस का, थोरले?"

रागाने नाही. मापं घेताना गिऱ्हाइकाला विचारायचे, बाही किती ठेवू, तशा आवाजात.

डोकं आता पूर्ण ठिकाणावर आहे त्यांचं. वर्तमानपत्र वाचतात, उधारीवाल्यांची नावं सांगतात. आणि तरी हे. यांच्यासमोर करत नाहीत, दादासमोर करत नाहीत. फक्त माझ्यासमोर. आजही केले. मी भांडं खाली ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला.

तू लिहितेस, मीच सांगावं. चार वेळा तोंडापर्यंत आलं. सांगितलं नाही. मी सांगितलं तर काय होईल? आपलं झाकायला लांब असलेल्या बहिणीवर ढकलते म्हणतील. ते माझ्याकडे कायमचं संशयाने बघतील, आणि कसं असतं ते मला नीट माहीत आहे, मी सगळ्यांकडे तसंच बघते. आणि मी का सांगू? फोन तू केलास.

फोनवर सांगायचा विचार करत असशील तर करू नकोस, मी फोन त्यांच्या कानाला लावणार नाही. पत्राने सांगू म्हणशील तर पत्र आधी माझ्या हातात पडतं. जबाब द्यायची सवय तुझ्या नोकरीत आहे म्हणतेस ना, हाही एक दे. रजा मिळत नसेल तर बिनपगारी घे. ये, त्यांच्यासमोर बस, आणि बांधा कोण म्हणालं ते तुझ्या तोंडाने सांग. ते हात पुढे करतील. तेव्हा गाठीकडे बघण्यासारखं काही नसेल, तोंडाकडेच बघावं लागेल.

मी स्वयंपाकघरात असेन. दार उघडं ठेवणार आहे. तू खरंच सांगतेस की नाही ते मला ऐकायचंय.

थोरली